गस्तीचे गणित

शहराच्या एखाद्या पेठेत लागोपाठ तीन घरफोड्या झाल्या की पुढचा क्रम ठरलेला असतो. नागरिकांचे शिष्टमंडळ पोलिस ठाण्यावर जाते, आमदार निवेदन देतात, आम्ही वृत्तपत्रवाले ‘पोलिस करतात तरी काय?’ असा मथळा देतो, आणि वरिष्ठ अधिकारी रात्रीची गस्त वाढविल्याचे जाहीर करतात. आठ दिवसांत सर्वांचे समाधान होते. गस्तीमुळे घरफोड्या खरोखर कमी झाल्या काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

एका पोलिसदलाने तो स्वतःस विचारला, त्यास आता अर्धशतक उलटून गेले. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या कॅन्सस सिटी या शहरात १९७२ च्या ऑक्टोबरपासून वर्षभर पंधरा बीटांचे तीन गट करण्यात आले. पाच बीटांत नेहमीची गस्त बंद. कोणी बोलावले तरच गाडी जायची. पाचांत गस्त दुप्पट-तिप्पट, आणि उरलेल्या पाचांत पूर्वीप्रमाणे. वर्षअखेर हिशेब मांडला तेव्हा गुन्ह्यांत, लोकांच्या भीतीत किंवा पोलिसांविषयीच्या त्यांच्या मतात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. गस्तीतील हा बदल नागरिकांच्या फारसा लक्षातही आला नव्हता! यावरून पोलिसच नकोत असे अनुमान कोणी काढू पाहील, तर त्याने १९१९ साली बॉस्टनचे पोलिस संपावर गेले तेव्हा तेथे माजलेली लुटालूट आठवावी. बोलावल्यावर येणाऱ्या गाड्याही लोकांना दिसतच होत्या, हा आक्षेपही रास्त आहे. परंतु मोटारीतून नुसते फिरण्याच्या अंगी आपण मानीत आलो तेवढे सामर्थ्य नाही, एवढे तरी कॅन्सस सिटीने दाखवून दिले.

याहून मार्मिक अनुभव न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्कचा. १९७८-७९ मध्ये तेथे शिपायांना मोटारीतून उतरवून पायी गस्तीस लावले. गुन्हे कमी झाले नाहीत. पण वस्तीतील लोकांची भीती कमी झाली. आता हा प्रयोग यशस्वी म्हणावा की अयशस्वी? संध्याकाळी सातनंतर घराबाहेर न पडणारी वृद्धा पुन्हा देवळात जाऊ लागली, तर तिच्या त्या निर्भयतेस हिशेबात किती गुण द्यायचे? याचे उत्तर कोणत्याही कोष्टकातून निघत नाही. ते आधी माणसांनी ठरवावे लागते आणि मग कोष्टकात भरावे लागते.

‘निर्णय-विश्लेषण’ या शास्त्राचे मर्म नेमके हेच आहे. रोनाल्ड हॉवर्ड यांनी १९६६ साली त्यास हे नाव दिले आणि १९६८ मध्ये हार्वर्डच्या हॉवर्ड रायफा यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. पद्धत दिसते तितकी गहन नाही. समोरचे पर्याय मांडावेत. प्रत्येकातून काय काय घडू शकेल आणि त्याचा संभव किती, ते लिहावे. प्रत्येक फळाचे मोल ठरवावे. आणि मग गुणाकार-बेरीज करावी. ही शेवटची पायरी चौथीचा मुलगाही करील. आमची हयात वर्गात गेली असल्यामुळे एक अनुभव सांगावासा वाटतो. पुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर आधी पाहून मागाहून रीत बसविणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याचे उत्तर बरोबर येते. त्याला गणित मात्र येत नाही. शासकीय निर्णयांची बरीच ‘विश्लेषणे’ या विद्यार्थ्याच्या हातची असतात.

एका ठाण्याकडे रात्रीचे दहा शिपाई आहेत असे समजा. ते हद्दभर विखरावेत की तीन-चार बदनाम नाक्यांवर एकवटावेत? अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात पोलिसांकडे येणाऱ्या बोलावण्यांपैकी निम्मी अवघ्या तीन टक्के पत्त्यांवरून येत, असे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा एकवटण्याचा पक्ष बळकट आहे. पण त्या नाक्याशेजारच्या झोपडपट्टीतील पोराला कामावरून परतताना रोज थांबवून झडती दिली जाते, त्याच्या अपमानाचा रकाना तक्त्यात आहे काय? नसेल, तर गणिताने त्याचे मोल शून्य धरले असा अर्थ होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ती दशांश चिन्हांसह देता आली म्हणजे न्याय्य होत नाही.

दुसरे वैगुण्य आकड्यांच्या उगमाशीच आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयास २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट बजवावे लागले, यातच आपल्या ठाण्यांचा रिवाज उघड होतो. फिर्यादीस परत पाठविणारे ठाणे कागदोपत्री शांत, आणि प्रत्येक तक्रार लिहून घेणारे ठाणे गुन्हेगारीचे आगर ठरते. अशा नोंदींवर निर्णय बेतला, तर कर्तव्य करणाऱ्या अधिकाऱ्याच्या माथी अपयश येणार.

हा वाद आता परदेशापुरता राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य देण्यासाठी २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. यंत्राच्या साहाय्यास आमचा विरोध नाही; अपुऱ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या खात्याला ते हवेच. परंतु कोठे गस्त घालावी, हे यंत्रास विचारण्यापूर्वी घरफोडी, छेडछाड, नागरिकांची भीती आणि निरपराध्याची झडती यांना परस्परांच्या तुलनेत कोणते मोल दिले, हे ठरवायचे कोणी? तंत्रज्ञाने ते आपल्या मनाने भरू नये, पोलिस आयुक्तांनीही एकट्याने भरू नये. तो तक्ता विधिमंडळापुढे ठेवावा आणि वृत्तपत्रांतून छापावा. आम्ही त्यास जागा देऊ. त्याबरोबरच दोन-तीन शहरांत सारख्या बीटांच्या जोड्या करून, चिठ्ठ्या टाकून, एका बीटात नवी रीत आणि दुसऱ्यात जुनी अशी वर्षभर चालवावी. काय घडले म्हणजे नवी रीत फसली असे मानायचे, ते मात्र पहिली चिठ्ठी उचलण्यापूर्वीच गृहखात्याने लिहून जाहीर करावे.