गच्चीवरचा पेपर

अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं आणि कोरोनाच्या त्या काळात महाराष्ट्रातल्या लाखो पोरांचा पेपर मोबाइलवर येऊन ठेपला. आमच्या जळगाव जामोदची मुलं अमरावती विद्यापीठाची. पण सातपुड्याच्या पायथ्याशी अभ्यासाइतकीच रेंजचीही धास्ती असते. शेजारची एक पोर तेव्हा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. एका हातानं ओढणी फोनवर धरलेली, कारण उन्हात पडदा दिसेना. तेवढ्यात मामाचा फोन आला, नेट तुटलं आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. तिचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. म्हणून पुढच्या वेळी ऑनलाइन पेपर असणाऱ्या पोरांनो, नातेवाइकांना वेळ आधीच सांगून ठेवा. वीज कधीही जाते, तेव्हा फोन रात्रीच पूर्ण चार्ज करा, अपडेट बंद ठेवा, घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट लावून पाहा. सराव चाचणी सोडूच नका, आणि तीही ज्या जागी बसणार त्याच जागी, त्याच वेळेला द्या. मध्येच तुटलं तर घड्याळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी कॉलेजात कळवा. कॉलेजांनीही परीक्षेच्या दिवसांत संगणक कक्ष उघडा ठेवावा; डोंगरातल्या गावांहून येणाऱ्या मुलांकडे गच्चीसुद्धा नसते.