लॅपटॉपचे वजन नव्हे, आयुष्य मोजावे

जबलपूर : न्यायालयातील दाखले पडद्यावर आले, सरकारी नस्ती संगणकावर फिरू लागल्या आणि महाविद्यालयीन अभ्यासाचा मोठा भाग आंतरजालावर गेला. त्यानंतर लॅपटॉप ही हौसेची वस्तू उरली नाही. वकील, सनदी लेखापाल, प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यासाठी तो रोजच्या कामाचे साधन झाला आहे. या बाजारात सव्वा ते दीड किलो वजनाच्या आणि लाखाच्या आसपास किंमत असलेल्या सडपातळ लॅपटॉपने मानाची जागा मिळवली आहे. मात्र अशी खरेदी करताना ग्राहक वजन, पडदा आणि किंमत पाहतो. हे यंत्र किती वर्षे चालेल आणि बिघडल्यास कोठे दुरुस्त होईल, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. महानगरांपासून दूर असलेल्या जबलपूरसारख्या शहरात तर याच प्रश्नावर खरेदीचा नफा-तोटा ठरतो.

जबलपूरची निवड येथे सहज केलेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूरकडील जुन्या मध्य प्रदेशाची न्यायव्यवस्था दोन दिशांना गेली. विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आला आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला बसले. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे खंडपीठे असली तरी मुख्य पीठ आजही येथेच आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, 1947 पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, डुमना येथील भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पना आणि निर्मिती संस्था, तसेच संरक्षण उत्पादनाचे कारखाने यांमुळे कागद आणि संगणक यांच्यावर उपजीविका असलेला मोठा वर्ग या शहरात राहतो. नागपूरशी नाते जपणारी मराठी कुटुंबेही त्यात आहेत.

कामाचे स्वरूप बदलले

या वर्गाचे काम गेल्या काही वर्षांत वेगाने बदलले. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी रुपयांची मंजुरी दिली. जुन्या आणि चालू प्रकरणांचे कागद संगणकीकृत करणे हा त्याचा मोठा भाग आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने चौकशी आणि सुनावणीच्या अनेक टप्प्यांवर इलेक्ट्रॉनिक माध्यमाला स्पष्ट मान्यता दिली. राज्य शासनाने 1 जानेवारी 2025 पासून मंत्रालयात ई-ऑफिस प्रणाली सुरू केली. परिणामी वकिलाच्या हातातील दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्याची जागा हळूहळू पडद्यावरील पीडीएफ घेऊ लागला आहे. दिवसभर या दालनातून त्या दालनात फिरणाऱ्या माणसाला दोन किलोंऐवजी सव्वा किलोचे यंत्र सोयीचे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ही सोय खरी आहे, तिला दिखाऊपणा म्हणून झटकता येणार नाही.

हलकेपणाची ही कल्पना तशी जुनी आहे. जानेवारी 2008 मध्ये अ‍ॅपलचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. 2011 मध्ये इंटेलने अल्ट्राबुक या नावाने इतर कंपन्यांना त्याच वाटेवर आणले. 2020 नंतरच्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरांमुळे दिवसभर पुरणारी बॅटरी आणि पंख्याशिवाय चालणारे यंत्र शक्य झाले. आज 13 इंची मॅकबुक एअरचे वजन 1.24 किलो भरते. मार्च 2025 मध्ये आलेल्या त्याच्या आवृत्तीची भारतातील सुरुवातीची किंमत 99,900 रुपये होती. डेल, एचपी, लेनोवो, आसुस यांचे हलके लॅपटॉपही याच वजनाच्या आणि किमतीच्या आसपास फिरतात.

हलकेपणाची किंमत

वजन उतरवण्यासाठी कंपन्यांनी काय काढून टाकले, हे मात्र जाहिरातीत ठळकपणे सांगितले जात नाही. बहुसंख्य सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर करून कायमची बसवलेली असते. जुन्या यंत्रात दोन स्क्रू काढून रॅम वाढवता येत असे. येथे ती वाट बंद आहे. मॅकबुकमध्ये तर साठवणुकीची क्षमताही खरेदीच्या दिवशीच कायमची ठरते. बॅटरी अनेकदा चिकटवलेली असते. पडदा, काच आणि झाकण एकसंध असल्याने एका तड्यासाठी पूर्ण भाग बदलावा लागतो. म्हणजेच खरेदीच्या वेळी केलेली काटकसर नंतर भरून काढता येत नाही.

हा मुद्दा सध्या विशेष महत्त्वाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढल्याने 2025 च्या उत्तरार्धात जगभर रॅमचे भाव चढले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉन या कंपनीने क्रुशिअल या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी मेमरी विक्री थांबवण्याची घोषणा केली. कारखान्यांचा कल मोठ्या डेटा केंद्रांकडे झुकल्याचे ते चिन्ह होते. अशा वेळी चार पैसे वाचवण्यासाठी 8 जीबी रॅमचे यंत्र घेण्याचा मोह होतो. परंतु अनेक टॅब, दृक्‌श्राव्य सुनावणी आणि शेकडो पानांची पीडीएफ एकाच वेळी उघडी ठेवणाऱ्यासाठी 16 जीबी हे आता वाजवी किमान मानायला हवे. रॅम वाढवता येणार नसेल, तर प्रोसेसरची आवृत्ती एक पायरी खाली घेऊन रॅम पुरेशी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरी किंमत उन्हाळ्यात दिसते. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. अ‍ॅपलच्या कागदपत्रांत मॅकबुक एअर वापरण्यासाठी 10 ते 35 अंश सेल्सिअस तापमान सुचवलेले आहे. पंखा नसलेले यंत्र तापले की स्वतःचा वेग कमी करते, आणि उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर थकते. बंद मोटारीत ठेवलेला किंवा दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप त्यामुळे वेळेआधी म्हातारा होतो. बॅटरीचा चार्ज 80 टक्क्यांवर रोखण्याची सोय अनेक नव्या यंत्रांत असते. ती सुरू करणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

तिसरी अडचण कामाच्या ठिकाणची आहे. वकील आणि लेखापाल यांची डिजिटल स्वाक्षरी छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते. ते टोकन बहुधा जुन्या चौकोनी तोंडाचे असते, तर सडपातळ लॅपटॉपवर अनेकदा फक्त टाइप-सी जोडण्या असतात. टोकनचा ड्रायव्हर आपल्या कार्यप्रणालीवर चालतो का, हे आधी तपासावे लागते. मध्य प्रदेशातील कार्यालयीन हिंदी लेखनात कृतिदेवसारख्या जुन्या फाँटचा आणि रेमिंग्टन कळफलकाचा वावर अजून संपलेला नाही. मराठीत श्रीलिपीच्या जुन्या फायली सांभाळणाऱ्यांना हा त्रास परिचित आहे. विंडोज सोडून मॅककडे जाणाऱ्याने आपल्या जुन्या फायली नव्या यंत्रावर नीट उघडतात का, हे दुकानातच पाहावे.

चार वर्षे की सात?

लॅपटॉप किती वर्षे टिकावा, याबद्दल सरकारची स्वतःची एक धारणा आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने 21 जुलै 2023 रोजी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या उपकरणांसाठी कर वगळून 1 लाख रुपयांची मर्यादा ठरवली. 40 टक्क्यांहून अधिक देशी घटक असल्यास ही मर्यादा 1 लाख 30 हजार होते. चार वर्षांनी ते उपकरण अधिकाऱ्याला स्वतःकडे ठेवता येते. आयकरात संगणकावर दरसाल 40 टक्के घसारा मिळतो. त्या हिशेबाने 1 लाखाच्या यंत्राचे पुस्तकी मूल्य चार वर्षांनी सुमारे 13 हजार रुपये उरते. दोन्ही नियमांचा सूर एकच आहे : चार वर्षांनंतर या वस्तूत फारसे काही शिल्लक राहत नाही.

सामान्य ग्राहकाला हा हिशेब परवडत नाही. 1 लाखाचा लॅपटॉप चार वर्षे चालला तर वर्षाला 25 हजार रुपये पडतात; सात वर्षे चालला तर सुमारे 14 हजार. 50 हजारांचे साधे यंत्र तीन वर्षांत निकामी झाले, तर त्याचा वार्षिक खर्च सुमारे 16,700 रुपये येतो. म्हणजे महाग यंत्र स्वस्त ठरू शकते, पण केवळ टिकले तरच. मधल्या काळात एकदा बॅटरी बदलणे आणि एखादी दुरुस्ती वाजवी दरात होणे, ही त्यासाठीची अट आहे. संगणक-मोबाइलच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या जयंती कॉम्प्लेक्समधील कुशल कारागीर साधा लॅपटॉप उघडून हार्ड डिस्क, रॅम, बिजागरी बदलू शकतो. सोल्डर केलेल्या आणि चिकटवलेल्या यंत्रासमोर तेच कौशल्य अडते. मूळ सुटे भाग स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्याला सहज मिळत नाहीत. यंत्र दुसऱ्या शहरात पाठवावे लागले, तर वकिलाचे किंवा विद्यार्थ्याचे काम तितके दिवस ठप्प होते. ही किंमत कोणत्याही देयकावर छापलेली नसते.

यंत्र ठणठणीत असूनही कालबाह्य ठरू शकते, हेही अलीकडे अनुभवास आले. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित साहाय्य थांबवले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 आणि तुलनेने नवे प्रोसेसर आवश्यक असल्याने 2018 पूर्वीचे अनेक चालते संगणक अधिकृत यादीबाहेर राहिले. सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळणार, हा प्रश्न म्हणूनच वॉरंटीइतकाच महत्त्वाचा आहे.

विद्यार्थ्यांचे 25 हजार

या चर्चेची दुसरी बाजू त्याच राज्यात दिसते. मध्य प्रदेश शासन राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत 75 टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी 25 हजार रुपये देते. 4 जुलै 2025 रोजी 94,234 विद्यार्थ्यांच्या खात्यांत सुमारे 235 कोटी रुपये जमा करण्यात आले. योजना स्तुत्य आहे. परंतु लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे. विद्यार्थ्याने बरोबर 25 हजारांचे यंत्र घेतले, तर त्यातील सुमारे 3,800 रुपये कराच्या रूपाने पुन्हा सरकारजमा होतात. सप्टेंबर 2025 मधील दरबदलात वातानुकूलन यंत्रे आणि मोठे दूरचित्रवाणी संच 28 वरून 18 टक्क्यांवर आले. लॅपटॉप होता तेथेच राहिला. केवळ वकिली करणाऱ्यांनाही दिलासा नाही. त्यांच्या सेवेवरील जीएसटी सामान्यतः अशील संस्था भरते, त्यामुळे स्वतःच्या खरेदीवरील कराची वजावट त्यांना मिळत नाही.

25 हजारांत हलका उंची लॅपटॉप येत नाही, हे उघड आहे. अशा विद्यार्थ्याने त्याच्या मागे लागून कर्ज काढण्यापेक्षा रॅम आणि एसएसडी बदलता येणारे, थोडे जड पण उघडता येणारे यंत्र घेणे हिताचे. दोन वर्षांनी थोड्या पैशांत त्याला नवे बळ देता येते.

धोरणातील उणीव

केंद्राने उत्पादनाकडे लक्ष दिले आहे. मे 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञान उपकरणांसाठी 17 हजार कोटी रुपयांची सुधारित उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मंजूर झाली. 3 ऑगस्ट 2023 रोजी लॅपटॉप आयातीवर निर्बंध जाहीर झाले; नंतर ते सौम्य करून आयात व्यवस्थापन प्रणाली आणण्यात आली. लॅपटॉप देशात बनावा, हा आग्रह योग्यच आहे. मात्र देशात बनलेला लॅपटॉप देशातील गावोगावी दुरुस्त व्हावा, हा आग्रह तितका प्रबळ दिसत नाही.

दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाले. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे 2025 मध्ये दुरुस्तीक्षमता निर्देशांकाचा अहवाल दिला; पण त्याचा पहिला रोख स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासूनच लॅपटॉपवर असे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून उपकरणांतील बॅटरी वापरकर्त्याला काढता-बसवता येण्याची अट लागू होणार आहे. वीज बचतीचे तारे पाहून शीतकपाट घेणाऱ्या भारतीय ग्राहकाला लॅपटॉपच्या खोक्यावरील दुरुस्तीचे गुण समजायला वेळ लागणार नाही. सरकारी खरेदीत आणि 25 हजारांसारख्या अनुदानांत या गुणांना वजन दिले, तर कंपन्यांवर अधिक परिणामकारक दबाव येईल.

तोपर्यंत भार ग्राहकावरच आहे. रॅम आणि साठवणूक वाढवता येते का, बॅटरी बदलण्याचा आजचा दर काय, अधिकृत सेवा केंद्र जबलपुरातच आहे की यंत्र नागपूर, भोपाळ वा इंदूरला जाईल, सुरक्षा सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील आणि आपले टोकन, फाँट व कळफलक त्यावर चालतात का, हे पाच प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत आणि शक्य तेथे उत्तरे लेखी घ्यावीत. दररोज यंत्र घेऊन फिरणाऱ्याने हलक्या लॅपटॉपसाठी अधिक पैसे मोजणे चुकीचे नाही. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलतच नाही, त्याने मात्र ते पैसे रॅम, चांगला पडदा आणि वाढीव वॉरंटी यांवर खर्च करावेत.