चाकाच्या ढिल्या तारा

आमच्या घरांतील धाकट्या पुतण्यानें गेल्या सुटींत जुन्या सायकलीचें मागील चाक स्वहस्तें बांधलें. चाक सरळ फिरलें तेव्हां वडील मंडळींसही कौतुक वाटलें. परंतु पंधरा दिवस लोटले नाहींत तोंच तें लचकूं लागलें व तारा ढिल्या पडल्या. त्यानें त्या आवळल्या. आठवड्यानें पुन्हां तोच प्रकार. मुलें याच सायकलीवरून शाळेस जात असल्यामुळें कारण शोधणें आम्हांस भाग पडलें.

तारांच्या चाकाचें सारें बळ ताणांत असतें. स्वार बसला कीं भुईलगतच्या तारांचा ताण क्षणभर उतरतो, हें जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्यानें १९८१ सालीं ‘द बायसिकल व्हील’ या ग्रंथांत विशद केलें आहे. मुळांतच ताण बेताचा असेल, तर त्या तारा अगदीं सैल होतात आणि हादऱ्यांनीं निपलें आपोआप उलट फिरतात. मागील चाकांत फ्रीव्हीलला जागा द्यावी लागत असल्यानें डावीकडील तारांवर ताण कमी असतो. म्हणून आधीं त्याच ढिलावतात. आमच्याकडेंही तेंच झालें होतें.

दुसरें कारण, तारेचें वांकविलेलें टोक हबच्या भोकांत घट्ट न बसणें. यास्तव शेजारच्या समांतर तारा जोडीजोडीनें मुठींत धरून जोरानें दाबाव्या व मग पुन्हां आवळाव्या. आवळतांना तार पीळ खाते. म्हणून निपल किंचित् अधिक फिरवून तितकेंच मागें घ्यावें. आट्यांस आधीं जवसाचें तेल लावावें. तें सुकलें म्हणजे निपल धरून ठेवतें. शेवटीं एका बाजूच्या तारा सतारीप्रमाणें छेडून पाहाव्या. सूर जवळजवळ सारखा निघाला पाहिजे. दोन्ही बाजूंचा सूर मात्र एक करूं जाऊं नये, नाहींतर रिम मध्य सोडील.

इतकें करूनही एखादीच तार वरचेवर ढिली पडल्यास निपलाच्या भोकापाशीं रिमला चीर आहे काय तें पाहावें. चीर आढळल्यास आवळीत बसूं नये, रिमच बदलावी.

पुतण्यास आम्हीं उतावळा म्हणून बोल लाविला होता. विचारतां तो म्हणाला, “काका, तारा तुटतील, फार आवळूं नकोस, असें तुम्हीच सांगितलें होतें ना?” आमच्यापाशीं यास उत्तर नव्हतें. दुसरे दिवशीं दोघांनीं मिळून चाक पुन्हां ताणलें. पहिली फेरी मात्र आम्हींच मारून पाहिली.