वही लपवणाऱ्यांसाठी

फलटणला बेबीताई कांबळे यांचे छोटे किराणा दुकान होते. सामान बांधायच्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि गिऱ्हाईक नसले की लिहीत. नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेले कागद अडगळीत, कोणाचा हात जाणार नाही अशा जागी ठेवत. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचे आत्मकथन असे लिहिले गेले आणि सुमारे वीस वर्षे दडून राहिले. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागले, १९८६ मध्ये त्याचे पुस्तक झाले.

लेखकाची भीती म्हटली की आपण सरकार, सेन्सॉर, जमाव यांची नावे घेतो. ती भीती खरीच आहे. दुर्गाबाई भागवत १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या, याचा मराठी माणसाला अभिमान असायलाच हवा. पण आमच्या मासिकाकडे वर्षभर जे लेखन येते, त्यातली भीती बहुतेक वेळा घरातली असते. आई वाचेल. सासरी कळेल. गावी गेल्यावर भाऊबंद जाब विचारतील. मग कथेत बापाचा काका होतो, जात गाळली जाते, जमिनीचा वाद एका वाक्यात उरकतो. ती जागा आम्हाला वाचताना लगेच कळते. तोवर बोलत असलेली भाषा तिथे एकदम छापील होते.

आधी धीर गोळा करावा आणि मग लिहायला बसावे, असे कुणाचे झालेले आम्हाला माहीत नाही. बेबीताईंची भीती गेलेली नव्हती. ती असतानाच त्या लिहीत राहिल्या. पण लिहिलेले दाखवायला समोर माणूस लागतो. अमेरिकेतून अभ्यासासाठी आलेल्या आणि फलटणच्याच होऊन गेलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन छापावे म्हणून बेबीताईंना उभारी दिली. कधी लेखक हा समोरचा माणूस लेखनातच निर्माण करतो. ‘बलुतं’ या आत्मकथनामध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे असे दोन केल्यामुळे, एकट्याने कबूल करायला जड जावे असे कितीतरी तिथे बोलता आले, असे आम्हाला वाटते.

ताराबाई शिंदे यांची गोष्ट मात्र मनाला लागून राहते. सुरतेत १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला तान्हे मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, आणि वृत्तपत्रे साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर घसरली. बुलढाण्याच्या ताराबाई संतापून लिहायला बसल्या. १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून निघाले. टीका झाली. जोतीराव फुले ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्या हाती नाही. स. गं. मालशे यांनी हे पुस्तक १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले, तोवर नव्वदहून अधिक वर्षे उलटली होती. इतके धारदार गद्य लिहिणारी बाई धाडस कमी पडले म्हणून थांबली, हे मानायला आम्ही तयार नाही. फुल्यांसारखा माणूस पाठीशी असूनही तो एकटा पुरला नाही. ‘पुढचे काय लिहिताय?’ असे तगादा लावून विचारणारे आणखी लोक हवे होते.

असा तगादा लावणे हे मासिकाचे काम आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी वाट पाडली, तिच्यावर चालताना आम्ही ते आमचे पहिले काम मानतो. या अंकातल्या काही लेखकांनी नावे बदलून मागितली, आम्ही ती बदलली. एका कथेतला काका पुन्हा बाप झाला आहे. त्यासाठी लेखिकेशी बराच पत्रव्यवहार झाला, आणि अखेरचा निर्णय तिचाच होता.

पुढच्या अंकासाठी अर्धवट राहिलेले, हाताने लिहिलेले, शुद्धलेखनाची धास्ती वाटणारेही पाठवा. ‘छापू नका, फक्त वाचा’ असे वर लिहिलेत, तरी आम्ही वाचू आणि उत्तर देऊ.