अंगणात लॉन कशाला?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. आज पहिली-दुसरीत बसणारी लेकरं तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांना ही गोष्टच वाटते. आणि लातूर काय, नांदेड काय, नव्या घरापुढं लॉन दिसते, नाहीतर कंपाऊंडपर्यंत पेव्हर ब्लॉक.

माझं मत सरळ आहे. मराठवाड्यात घरापुढं लॉन नको. उन्हाळ्यात तिला जवळजवळ रोज पाणी लागतं, तेही कधी टँकरचं. त्यापेक्षा आपलाच काळा दगड, मुरूम आणि चिवट झाडं बरी: कोरफड, बोगनवेल, तरवड, अडुळसा, एखादा शेवगा. पहिला उन्हाळा त्यांनाही पाणी द्यावंच लागतं. मूळ खोल गेलं की फारसं मागत नाहीत. कण्हेरही तग धरते, पण ती विषारी. लहान लेकरं असलेल्या घरी नकोच.

मात्र सगळं अंगण दगडानं भरू नका. मे महिन्यात काळा दगड असा तापतो की रात्रीही धग सोडतो. मग घरात कूलर लावून काय उपयोग? दगड झाडाच्या बुडाशी, सावलीत मांडा. खालची ओल टिकते. खाली प्लास्टिकही अंथरू नका, पावसाचं पाणी मुरलं पाहिजे.

वर्गात हे सांगण्यापेक्षा दाखवा. दोन कुंड्या, सारखी माती, सारखं पाणी. एकीवर खडे पसरायचे, दुसरी उघडी. तिसऱ्या दिवशी मुलांनी दोन्हींत बोट खुपसून ओल बघायची आणि वहीत लिहायची.