घरपट्टी कोणाची, सवलत कोणाला?

निवडणुका जवळ आल्या की घरपट्टी माफ करण्याच्या घोषणा होतात आणि निवडणुका उरकल्या की घरपट्टी 'सुधारण्या'ची परिपत्रके निघतात. सत्ताधाऱ्यांच्या या दुटप्पीपणाबद्दल आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु त्याला उत्तर देताना आपल्यातील काही कार्यकर्तेही 'घरपट्टी रद्द करा' एवढीच घोषणा घेऊन वस्त्यांत जातात, टाळ्या मिळवतात आणि परत येतात. ही घोषणा चुकीची आहे. इतकेच नव्हे, तर तिच्यामुळे शहरातील सर्वांत असंघटित अशा भाडेकरू कष्टकऱ्यांना आपण वाऱ्यावर सोडतो, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ते काहींना कटु वाटेल, पण मांडणे आवश्यक आहे.

प्रथम या कराचे स्वरूप पाहू. साबण, चप्पल, काड्यापेटी यांवरचा कर गिरणीमालक आणि गिरणी कामगार एकाच दराने भरतात. मालमत्ता पाहून आकारले जाणारे कर मात्र एकामागून एक नाहीसे करण्यात आले आहेत. मृताच्या मालमत्तेवरील संपदा शुल्क १९८५ मध्ये गेले. संपत्तीकर २०१५ मध्ये गेला. दुसऱ्या बाजूने नगरपालिकांचे स्वतःचे उत्पन्नही कापले गेले. महाराष्ट्रात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईतील जकात संपली. तेव्हापासून देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेलाही राज्य सरकारकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याची वाट पाहावी लागते. अशा स्थितीत नगरपालिकांच्या हाती स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो घरपट्टीचाच.

हाही कर सरसकट गेला तर काय होईल? रस्ता, गटार, दवाखाना आणि पालिकेची शाळा यांचा खर्च थांबणार नाही. तो नळाच्या मीटरवर, कचऱ्याच्या शुल्कावर आणि ठेकेदाराच्या पावतीवर येऊन बसेल. शुल्क माणशी असते, कर मालमत्तेनुसार असतो. वीस मजली इमारतीच्या मालकाला कर नको आणि शुल्क हवे, हे आपण समजू शकतो. पण कामगारवर्गाच्या कार्यकर्त्याने तीच मागणी आपल्या तोंडाने का करावी?

याचा अर्थ केंद्राच्या तथाकथित सुधारणांना आपला पाठिंबा आहे असा कोणी घेऊ नये. मे २०२० मध्ये, महामारीने राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या झालेल्या असताना, केंद्राने राज्यांना वाढीव कर्ज काढण्याची मुभा दिली आणि तिच्या एका भागाला अटी जोडल्या. घरपट्टीचे किमान दर सरकारी मूल्यदरांशी जोडून जाहीर करावेत, पाणी व मलनिःसारणाचे शुल्क खर्चाच्या प्रमाणात ठरवावे आणि दोन्हींत वेळोवेळी वाढ करण्याची यंत्रणा उभारावी, अशा त्या अटी होत्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळातील नागरी अनुदानांसाठीही तीच वाट धरली. आधी किमान दर जाहीर करा आणि त्यानंतर वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या सरासरी वेगाने वाढवून दाखवा, तरच अनुदान मिळेल!

वसुली वाढलीच पाहिजे, पण कोणाकडून, याबद्दल ही अट मौन बाळगते. भाषांतराच्या कामामुळे असले दस्तऐवज प्रस्तुत लेखकाला वारंवार वाचावे लागतात. त्यांत 'मालमत्ताधारक' पानोपानी भेटतो, 'भाडेकरू' मात्र शोधावा लागतो. अट मौन बाळगते तेव्हा कर-निरीक्षक दुबळ्याच्या दारी जातो, हा आपला अनुभव आहे. तमिळनाडूत एप्रिल २०२२ मध्ये करवाढ झाली, तेव्हा चेन्नईचा जुना भाग वगळता ६०० चौरस फुटांखालील घरांवर २५ टक्के आणि १,८०० चौरस फुटांवरील घरांवर १०० टक्के वाढ बसवली गेली. म्हणजे श्रेणी लावणे अशक्य नाही. पण तेथेही सर्वांत लहान घर वाढीतून सुटले नाही.

आता सवलतींकडे वळू, कारण आपल्या कार्यकर्त्यांचा खरा गोंधळ येथेच होतो.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी देण्याचे आश्वासन २०१७ च्या महापालिका निवडणुकीत दिले गेले. २०१९ मध्ये माफी मिळाली ती घरपट्टीतील केवळ सर्वसाधारण कराची. पाणी, मलनिःसारण, शिक्षण, रस्ते, वृक्ष अशा नावांचे बाकीचे कर देयकात तसेच राहिले. पूर्ण माफीची घोषणा १ जानेवारी २०२२ रोजी झाली आणि तिचा लाभ सुमारे १६ लाख सदनिकांना होईल असे सांगण्यात आले. ज्या कामगाराने आयुष्याची पुंजी घालून एक खोली घेतली, त्याला ही माफी मिळाली याचे आपण स्वागतच करतो. तो त्याचा हक्क होता.

परंतु ही माफी घराच्या आकाराला आहे, राहणाऱ्याच्या परिस्थितीला नाही. एखाद्या गुंतवणूकदाराच्या नावावर अशा दहा सदनिका असल्या आणि दहाही त्याने भाड्याने दिल्या असल्या, तरी प्रत्येक सदनिका ५०० फुटांच्या आतली म्हणून करमुक्त होते. त्या दहा घरांत राहणाऱ्या दहा कुटुंबांचे भाडे तेवढ्याने उतरले पाहिजे, असे बंधन या निर्णयात कोठेही नव्हते. कर बसतो तेव्हा कायदा वेगळा बोलतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला दरसाल ४ टक्के भाडेवाढीचा हक्क दिला आहे आणि नवा कर वा उपकर बसल्यास तेवढी रक्कम भाड्यात मिळवण्याचीही मुभा दिली आहे. कर चढला की तो भाडेकरूपर्यंत खाली येतो. कर उतरला की ती उतार मालकाच्या खिशातच थांबते. याला कष्टकऱ्यांना दिलेला दिलासा म्हणावयाचे काय?

पुण्यात हाच अन्याय उलट बाजूने होतो. तेथे मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. २०१९ मध्ये शासनाने ती मोडीत काढली. असंतोष उसळला, तेव्हा २०२३ मध्ये ती परत द्यावी लागली. मात्र त्यासाठी घरमालकाने 'पीटी-३' नावाचा नमुना भरून आपण स्वतः तेथे राहतो हे सिद्ध करावयाचे असते. हा लढा न्याय्य होता. पण ज्या खोलीत मालक राहत नाही आणि एखादा कंत्राटी सफाई कामगार वा हिंजवडीच्या रस्त्यावरचा पहारेकरी भाडे भरून राहतो, त्या खोलीला सवलत नाही. वाढीव कर मालक भरतो कागदावर. प्रत्यक्षात तो पुढच्या अकरा महिन्यांच्या कराराच्या आकड्यात मिसळून जातो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. बंगळूरच्या २००८ च्या पद्धतीत पहिल्या दर्जाच्या विभागातील पक्क्या घराचे मूल्य मालक स्वतः राहत असल्यास चौरस फुटास दरमहा २ रुपये ५० पैसे आणि भाड्याने दिले असल्यास ५ रुपये धरले गेले. दिल्लीत २००४ मध्ये आलेल्या क्षेत्राधारित पद्धतीतही भाड्याच्या घराचा गुणक २, तर स्वतःच्या वापराच्या घराचा १ आहे. तत्त्वतः यात चूक नाही. भाड्याचे उत्पन्न खाणाऱ्याने अधिक कर द्यावा, हे कोणताही समाजवादी मान्य करील. परंतु भाड्यावर नियंत्रण नसेल, तर मालकावर लावलेला दुप्पट कर भाडेकरूच्या पगारातून वसूल होतो. भाडे कायद्याविना करकायदा अर्धा असतो, ही या सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली आहे.

एके काळी हे दोन कायदे एकमेकांशी बांधलेले होते. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले होते. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात निर्णय दिला की, कर आकारताना कायद्याने ठरलेल्या प्रमाणभाड्यापलीकडे जाता येणार नाही. भाडेकरूचे संरक्षण आणि कराची मर्यादा अशी जोडली गेली. गोठवलेल्या भाड्याच्या नावाखाली मालकांनी दुरुस्ती सोडून दिली आणि १९६९ मध्ये मुंबईतील १९,६४२ जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ व उपकर उभारावा लागला, हेही खरे. पण त्यावरचा उपाय भाडेकरूचे संरक्षण मजबूत करून सार्वजनिक दुरुस्ती वाढवणे हा होता. प्रत्यक्षात २०१० पासून मुंबईत करआकारणी भाड्यावरून बाजारभावाधारित भांडवली मूल्यावर गेली. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्याने तर भाडे परस्परसंमतीवर सोपवले आणि मुदतीनंतर घर न सोडणाऱ्यावर पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाड्याचा दंड ठेवला. छप्पर नसलेला आणि दहा छपरे असलेला यांच्यातील 'परस्परसंमती' कशी असते, हे खोली शोधणाऱ्या कोणत्याही स्थलांतरित कामगाराला विचारावे.

काही कॉम्रेड म्हणतील, भाडेकरू थोडे आहेत, बहुतेकांची घरे स्वतःची आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतातील २७.५ टक्के कुटुंबे भाड्याने राहतात. शंभरात सत्तावीस कुटुंबे सोडून देऊन आपण कोणते शहर संघटित करणार आहोत? प्रत्येक कामगाराला लहानसा घरमालक केले की घरांचा प्रश्न सुटतो, या कल्पनेचा समाचार एंगेल्सने १८७२ मध्येच घेतला होता. दीडशे वर्षांनंतर आपण तीच कल्पना घरपट्टीमाफीच्या पत्रकात लपवून परत आणू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. श्रीमंत मालकांवर कर वाढवला तर तेही तो भाडेकरूवरच ढकलतील, असे विचारले जाते. भाडे मोकळे असेल तर ढकलतील, म्हणूनच भाडेनियंत्रणाची मागणी करमागणीपासून वेगळी काढता येत नाही. पण एक कर असा आहे की जो कोणावरही ढकलता येत नाही. तो म्हणजे कुलूपबंद घरावरचा. तेथे ढकलायला भाडेकरूच नसतो. २०११ मध्ये देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी होती. त्यानंतर एकाच वर्षाने, २०१२ मध्ये, सरकारच्याच तज्ज्ञ गटाने शहरी घरांचा तुटवडा सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तुटवडा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांचा असल्याचे नमूद केले. भाव चढण्याची वाट पाहत बंद ठेवलेल्या घरावर कर वाढला, तर ते घर भाड्यासाठी बाहेर येते आणि भाडे उतरते. जुन्या भाडेमूल्य पद्धतीत मात्र घर रिकामे ठेवणाऱ्यालाच कराच्या काही भागाचा परतावा मागता येत असे!

जमीनदार वर्ग या बाबतीत झोपलेला नाही. मुंबईतील मोकळ्या जमिनींवर भावी बांधकामाची क्षमता धरून कर लावणारे नियम मालकांच्या संघटनेने न्यायालयात नेले आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. जमीन विकताना भावी मजल्यांची किंमत वसूल होते. कर देताना ते मजले अदृश्य होतात. मालकांना संघटना आहे, वकील आहेत, चिकाटी आहे. भाडेकरूंना काय आहे? ते देण्याची जबाबदारी आपली आहे.

म्हणून 'घरपट्टी रद्द करा' ही घोषणा मागे घेऊन पुढील मागण्यांभोवती प्रभागाप्रभागात मोहीम उभारावी, असे सुचवावेसे वाटते.

१. एका कुटुंबाच्या स्वतःच्या राहत्या लहान घराला पूर्ण करमाफी. ती घरामागे नव्हे, कुटुंबामागे एकदाच.

२. लहान घर भाड्याने दिलेले असल्यास मिळणारी कोणतीही करसवलत भाड्यातून वजा करून भाडेकरूला देण्याचे कायदेशीर बंधन आणि तसे न केल्यास सवलत रद्द.

३. नोंदणीकृत भाडेकराराच्या आधारे भाडेकरूंची प्रभागनिहाय नोंद. कर-देयकाची प्रत राहणाऱ्यालाही.

४. वर्षाहून अधिक काळ बंद ठेवलेली घरे, दुसरे-तिसरे घर, मॉल आणि अडवून ठेवलेले भूखंड यांवर चढत्या श्रेणीचा कर.

५. पाणी व मलनिःसारणाच्या शुल्कवाढीची केंद्राची अट रद्द; अनुदान हा नगरपालिकांचा हक्क आहे, बक्षीस नव्हे.

६. भाडेनियंत्रणाचे संरक्षण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कामगारांनाही.

या मोहिमेची सुरुवात सभेने नव्हे, चौकशीने व्हावी. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील पन्नास कुटुंबांना तीन साधे प्रश्न विचारावेत. भाडे किती, गेल्या वेळी ते किती वाढले आणि घरपट्टी माफ झाली तेव्हा ते कमी झाले काय? उत्तरे वहीत उतरवून ती वही घेऊन पालिकेच्या दारात जावे. कर रद्द करा म्हणणारा क्षणभर लोकप्रिय होतो. मालमत्तेवर कर आणि राहणाऱ्याला संरक्षण, असे म्हणणाऱ्याला लोकांसमोर अधिक वेळ उभे राहावे लागते. तो वेळ देण्याची आपली तयारी आहे काय, हा आता आपल्यापुढील प्रश्न आहे.