पेशी रुग्णाच्या, खर्च कोणाचा?

मुंबईत रुग्णाच्याच पेशी बदलून रक्ताचा कर्करोग बरा करतात, हे आता खेडोपाडी पोचले आहे. बातमी खरी आहे, पण अर्धी.

टी-पेशी म्हणजे आपल्या रक्तातले शिपाई. कर्करोगाची पेशी घरचीच असल्याने ती पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटते. 'कार टी-सेल' उपचारात या पेशी रुग्णाच्या रक्तातून काढतात आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवा जनुक घालतात. मग रोगट पेशीवरची 'सीडी १९' ही खूण त्यांना ओळखू येते. अशा पेशी वाढवून सलाइनसारख्या परत शरीरात सोडतात. अमेरिकेत २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड ही मुलगी या उपचाराने वाचली. पवईची आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार १९'ला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली.

ती मिळाली १५ वर्षे व त्यावरील अशा रुग्णांसाठी, ज्यांचा ठरावीक प्रकारचा कर्करोग नेहमीच्या उपचारांना दाद देत नाही किंवा उलटतो. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग बहुतेक वेळा नेहमीच्या केमोथेरपीनेच बरा होतो. ती अर्धवट सोडून नव्या इलाजाची वाट पाहणे म्हणजे हातचे घालवणे. शिवाय हे साधे इंजेक्शन नव्हे. पेशी लढू लागल्या की जोराचा ताप येतो, रक्तदाब उतरतो, कधी अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. 'सीडी १९' निरोगी बी-पेशींवरही असते. त्याही मरतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काहींचा आजार परत येतो.

आता पैशाचे. २०१७ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या औषधाची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. आपले औषध ३० ते ४० लाखांत बसते. स्वस्त म्हणायचे, पण कोणाला? महात्मा फुले योजनेचे कवच कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे. आयआयटी आणि टाटा, दोन्ही जनतेच्या पैशावर चालतात. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की या उपचारासाठी शासनाने वेगळा निधी ठेवावा आणि रुग्णाची निवड खिसा पाहून नव्हे, आजार पाहून डॉक्टरांच्या समितीने करावी.

तोवर वाचकांना एकच सांगणे : जमीन विकायला काढण्याआधी कर्करोगतज्ज्ञाला विचारा, की हा उपचार आपल्या रुग्णाला लागू आहे का. मग रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि कोणकोणती मदत मिळते ते लिहून घ्या.